तीन अक्षरांचे वेंगुर्ले आणि नऊ प्रश्नचिन्हे

वेंगुर्ले हे गावाचे नाव मराठी माणसाने मोजले तर तीन अक्षरांचे भरते : वें, गु, र्ले. आजच्या संगणकाच्या हिशेबात ते नऊ क्रमांकांचे आहे : व, एक मात्रा, अनुस्वार, ग, उकार, र, हलन्ताची खूण, ल आणि पुन्हा मात्रा. पंचवीस वर्षांपूर्वीच्या संगणकात मात्र ते कशाचे बनलेले होते, याचे एकच एक उत्तर देता येत नाही. ज्या फॉन्टात टंकले त्या फॉन्टाप्रमाणे उत्तर बदलत असे. ही बाब केवळ संगणकवाल्यांची वाटते, पण तशी ती नाही. गावोगावच्या नगरपालिका, पतपेढ्या, मच्छीमार सोसायट्या, शाळा, देवस्थाने आणि मशिदींच्या जमाती यांनी १९९० नंतरच्या पंधरा-वीस वर्षांत संगणकावर जे मराठी लिहिले, त्याचे पुढे काय झाले आणि काय होणार आहे, हा प्रश्न त्यात दडलेला आहे.

वेंगुर्ल्याच्या नावाला लिपी बदलण्याची सवय जुनी आहे. बंदर आदिलशाहीत होते तेव्हा विजापूरच्या दरबारी कागदांची भाषा फारसी होती, पण गावपातळीवरचा हिशेब मराठीत चाले. पहिल्या इब्राहिम आदिलशाहने (कारकीर्द १५३४ ते १५५८) महसुली हिशेब फारसीऐवजी स्थानिक भाषेत ठेवण्याची पद्धत सुरू केली, अशी नोंद फरिश्ता या इतिहासकाराने केली आहे. मुसलमान राजवटीत मराठी दफ्तरात शिरली, ती अशी. सतराव्या शतकात, महंमद आदिलशाहच्या काळात, डचांनी वेंगुर्ल्याला वखार घातली आणि आपल्या कागदांत या गावाला ‘विंगुर्ला’ केले. १८१२ मध्ये सावंतवाडी संस्थानाकडून बंदर इंग्रजांकडे गेले आणि रोमन लिपीतले आणखी एक रूप रुजले. या सगळ्या काळात स्थानिक खरेदीखते, कबुलायती, वाटणीपत्रे मोडीत लिहिली जात होती. आजही सरकारी पाट्यांवर कुठे ‘वेंगुर्ले’ तर कुठे ‘वेंगुर्ला’ दिसते. माणसाला दोन्ही एकच. यंत्राला मात्र ती दोन वेगळी गावे आहेत.

मोडीची गोष्ट इथे थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण पुढे जे घडले त्याचा नमुना तीत आहे. मोडी छापताच येत नव्हती, असे अनेकांना वाटते. ते खरे नाही. श्रीरामपूरच्या छापखान्यात विल्यम कॅरीने १८१० मध्ये मराठी कोश छापला तो मोडी ठसे वापरूनच. पण शाळेची पुस्तके, वर्तमानपत्रे आणि सरकारी छपाई बाळबोधात स्थिरावली, आणि विसाव्या शतकाच्या मध्याला मोडीचे शालेय शिक्षण थांबले. कोणी मोडी कागद जाळले नाहीत. ते घरोघरच्या पेट्यांत आणि सरकारी दफ्तरखान्यांत जसेच्या तसे राहिले. गेला तो वाचणारा. कोकणातल्या कितीतरी कुटुंबांकडे, त्यांत मुसलमान कुटुंबेही आली, पणजोबांचे खरेदीखत आहे, पण त्यात काय लिहिले आहे हे सांगायला मोडी जाणणारा शोधावा लागतो. तो सापडला की जमीन, हद्द, वाटेकरी, साक्षीदार सगळे पुन्हा बोलू लागतात. तोवर तो कागद मुका. लिपी बदलते तेव्हा मजकूर नष्ट होतोच असे नाही, तो अनाथ होतो. संगणकावरच्या मराठीचेही असेच झाले, फरक एवढाच की मोडीला अनाथ व्हायला दोन पिढ्या लागल्या आणि इथे पंधरा वर्षे पुरली.

संगणक भारतात पसरू लागला तेव्हा त्याच्या एका बाइटमध्ये २५६ वेगवेगळी चिन्हे मावत. त्यातली पहिली १२८ इंग्रजी अक्षरे, आकडे आणि विरामचिन्हे यांनी व्यापलेली. उरलेल्या १२८ घरांत भारतीय लिप्या कशा बसवायच्या, यावर आयआयटी कानपूरमध्ये काम सुरू झाले आणि तेच काम पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये आले. सी-डॅकची स्थापना १९८८ ची. ‘जिस्ट’ नावाचे कार्ड संगणकात बसवले की डॉसच्या काळ्या पडद्यावर मराठी उमटे. त्यामागची संकेतप्रणाली म्हणजे ‘इस्की’. १९९१ मध्ये भारतीय मानक संस्थेने तिला आयएस १३१९४ या क्रमांकाने मान्यता दिली. इस्कीची कल्पना शास्त्रशुद्ध होती. अक्षराचा आकार साठवायचा नाही, उच्चाराचा क्रम साठवायचा. ब्राह्मीतून निघालेल्या सगळ्या लिप्यांचा ‘क’ एकाच घरात. उर्दूची लिपी या कुळातली नसल्यामुळे तिच्यासाठी वेगळी व्यवस्था करायची ठरली. म्हणजे कोकणातली मुसलमान जमात ज्या दोन लिप्यांत आपले कामकाज करते, त्या दोन लिप्यांच्या वाटा संगणकात पहिल्याच वळणावर वेगळ्या झाल्या.

मग विंडोज आले आणि इस्कीचा शिस्तशीर मार्ग बाजूला पडला. विंडोजमध्ये फॉन्ट बदलला की अक्षराचे रूप बदलत होते. त्यातून एक सोपी युक्ती निघाली. इंग्रजी अक्षरांच्या घरांत मराठी आकार बसवायचे. संगणक समजतो की आपण एखादे रोमन अक्षर साठवत आहोत, पडद्यावर मात्र ‘क’ दिसतो. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी, बंगळूरच्या सायबरस्केपची आकृती आणि सी-डॅकचीच आयएसएम ही याच पद्धतीने चालणारी साधने. प्रत्येकाची घरे वेगळी. श्री-लिपीत टंकलेले आकृतीत उघडले की अर्थहीन आकारांचा सडा पडे. फॉन्टच नसलेल्या संगणकावर उघडले तर टोप्या आणि टिंबे घातलेली रोमन अक्षरे दिसत.

या साधनांना आज नावे ठेवणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे ठरेल. छपाईचे डीटीपी, लग्नपत्रिका, दिवाळी अंक, सहकारी संस्थांचे अहवाल, ग्रामसभांच्या नोटिसा हे सगळे मराठीत होऊ शकले ते याच साधनांमुळे. ती नसती तर १९९० च्या दशकात छोट्या गावांच्या कार्यालयांनी मुकाट्याने इंग्रजी पत्करली असती. अडचण एवढीच की त्यांत मराठी दिसत होती, साठत नव्हती.

‘वेंगुर्ले’ हाच शब्द घेऊ. या फॉन्टांत साठवण डोळ्यांना दिसणाऱ्या क्रमाने होते, टाइपरायटरवर ठसे उमटावेत तशी. ‘र्ले’ लिहिताना आधी ल, मग मात्रा, आणि मग वरचा रफार. काही फॉन्टांत मात्रा आणि रफार मिळून एकच जोडठसा. उच्चारात र आधी येतो आणि ल नंतर, पण साठवणीत र शेवटी. ऱ्हस्व इकाराचे उलट : ‘फातिमा’ मध्ये वेलांटी त च्या आधी साठते. छापायला यात काहीच बिघडत नाही. पण यादी वर्णानुक्रमे लावा म्हटले की संगणक रोमन घरांच्या क्रमाने लावतो आणि अ च्या आधी म येऊन बसतो. ‘शेख’ शोधा म्हटले तर तो फक्त त्याच फॉन्टातला शेख शोधतो. म्हणून त्या काळच्या बहुतेक नोंदी आपण कागदावर छापून मग बोटाने शोधत होतो.

दरम्यान, जगभरच्या लिप्यांना प्रत्येकी स्वतःचा कायमचा क्रमांक देण्याचा उद्योग सुरू झाला होता. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची. तिच्यात देवनागरीला २३०४ ते २४३१ असे १२८ क्रमांक मिळाले, आणि त्यांची मांडणी इस्कीवरूनच घेतली होती. म्हणजे कानपूर-पुण्याचे काम वाया गेले नाही, ते जगाच्या तक्त्यात जाऊन बसले. व चा क्रमांक २३५७, ळ चा २३५५. आकार कोणताही असो, फॉन्ट कोणताही असो, २३५७ म्हणजे व. मराठीची काही खास अक्षरे मागून आली. ‘ॲ’ हे मराठी वळणाचे अक्षर २००८ च्या ५.१ आवृत्तीत दाखल झाले. २००९ च्या नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्र शासनाने मराठीसाठी प्रमाण वर्णमाला आणि वर्णलेखनाचा शासन निर्णय काढला. मोडीलाही २०१४ मध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत जागा मिळाली.

विंडोजमध्ये देवनागरी आली ती विंडोज २००० पासून, ‘मंगल’ या फॉन्टासह. तो रेखाटला सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी. त्यानंतरच्या विंडोज एक्सपीत मराठी आपोआप चालू नसे. सेटिंगमध्ये जाऊन एका चौकोनात खूण करावी लागे आणि मग सीडी घालावी लागे. तो चौकोन होता गुंतागुंतीच्या लिप्या आणि उजवीकडून डावीकडे चालणाऱ्या लिप्या या दोन्हींसाठी मिळून एकच. इस्कीने ज्यांना वेगळे केले त्या देवनागरीला आणि उर्दूला मायक्रोसॉफ्टने एका खुणेत पुन्हा शेजारी बसवले. ज्याने मराठीसाठी खूण केली त्याच्या संगणकावर उर्दूही वाचता येऊ लागली. कोणाच्या मनात काही उद्देश नव्हता, पण कोकणातल्या घराचे वर्णन त्या चौकोनाने अचूक केले होते.

आता खरा पेच. विंडोज युनिकोड जाणू लागली, म्हणून विंडोजवर चालणारी आज्ञावली ते जाणू लागली असे होत नाही. प्रोग्रामर जे लिहितो ते संगणकाला कळणाऱ्या भाषेत उतरवण्याचे काम कंपायलर करतो. जुना कंपायलर ‘एक अक्षर म्हणजे एक बाइट’ हे गृहीत धरूनच बनवलेला. त्यातून निघालेला प्रत्येक प्रोग्राम तेच गृहीत धरून चाले. अशा प्रोग्रामांसाठी विंडोजमध्ये भाषावार ‘कोड पेज’ होती, म्हणजे २५६ घरांचा ठरावीक तक्ता. रशियनला होते, ग्रीकला होते, थाईला होते. अरबीच्या १२५६ क्रमांकाच्या कोड पेजमध्ये ट, ड, ड़ यांसारख्या खास उर्दू अक्षरांनाही घरे होती. मराठीला आणि हिंदीला कोड पेजच नव्हते. मायक्रोसॉफ्टने या भाषा आणल्या त्याच मुळी फक्त युनिकोडच्या रूपात. परिणाम असा की जुन्या कंपायलरने बनवलेल्या प्रोग्रामला खरी मराठी दाखवण्याचा सरळ मार्गच नव्हता. एक तर बाहेरचे घटक जोडून ठिगळ लावा, नाही तर फॉन्टाची युक्ती चालू ठेवा. बहुतेकांनी युक्ती चालू ठेवली.

छोट्या कार्यालयांत त्या काळी कशात प्रोग्राम लिहिले जात? फॉक्सप्रो, व्हिज्युअल बेसिक ६ आणि डेल्फी, प्रामुख्याने. फॉक्सप्रोची शेवटची आवृत्ती २००४ ची, आणि तिला युनिकोड कधीच नीट पेलले नाही. व्हिज्युअल बेसिक ६ ची गंमत अशी की ते पोटात मजकूर युनिकोडमध्येच ठेवी, पण पडद्यावरच्या चौकोनात दाखवताना पुन्हा कोड पेजमधून गाळून काढी. गाळणीत मराठी अडके. डेल्फी १९९५ पासूनची, बोर्लंडची, पास्कलवर बेतलेली. लेखापाल, पतसंस्था, दवाखाने यांच्यासाठी प्रोग्राम बनवणाऱ्या एकट्या-दुकट्या माणसांचे ते आवडते साधन. डेल्फीने २००८ मध्ये, ‘डेल्फी २००९’ या नावाच्या आवृत्तीत, एका फटक्यात नियम बदलला. साध्या ‘स्ट्रिंग’ या शब्दाचाच अर्थ आता युनिकोड झाला. अक्षराला एकाऐवजी दोन बाइट. पडद्यावरचे प्रत्येक बटण, चौकोन, यादी युनिकोड जाणणारी. जुना प्रोग्राम नव्या कंपायलरमधून काढला की मराठी आपोआप दिसू लागेल, अशी आशा. पुष्कळ अंशी ती खरीही ठरली.

जिथे ती खरी ठरली नाही तिथला हिशेब समजून घेण्यासारखा आहे. जुन्या प्रोग्रामरने ‘लांबी’ विचारून ती बाइटांची संख्या म्हणून वापरलेली असे, कारण दोन्ही एकच होती. आता ‘वेंगुर्ले’ ची लांबी नऊ आणि बाइट अठरा. नऊच बाइट उचलले की अर्धे गाव मागे राहते. फाइलमध्ये साठवताना सर्रास वापरले जाणारे दुसरे युनिकोड रूप, यूटीएफ-८, त्यात देवनागरीचा प्रत्येक क्रमांक तीन बाइट घेतो. म्हणजे तेच गाव सत्तावीस बाइटांचे. जुन्या तक्त्यात गावाच्या नावाला वीस बाइटांचा रकाना ठेवलेला असेल, तर सहा क्रमांक मावतात आणि सातव्याला चाकू लागतो. उरते ‘वेंगुर’. हा विनोद वाटेल, पण रकान्यात गावाऐवजी ‘अब्दुल रहमान’ असेल तर? चौतीस बाइटांचे ते नाव वीसमध्ये कोंबले की ‘अब्दुल’ एवढेच राहते, आणि अब्दुल एकटा उरला की त्याच्या पुढे काय होते हे कोणालाच कळत नाही. अब्दुल म्हणजे ‘चा बंदा’. कोणाचा, ते कापले गेलेल्या भागात होते.

यापेक्षा वाईट दुसरा प्रकार. नव्या कंपायलरमध्ये बनवलेला प्रोग्राम पडद्यावर सुंदर मराठी दाखवतो, पण यादी फाइलमध्ये साठवण्याची जुनी ओळ तशीच राहिली असेल आणि कोणती संकेतप्रणाली हे तिला सांगितले नसेल, तर ती फाइल जुन्याच कोड पेजमध्ये लिहिली जाते. त्या कोड पेजमध्ये मराठीला घर नाही. ज्या अक्षराला घर नाही त्याच्या जागी विंडोज प्रश्नचिन्ह टाकते. ‘वेंगुर्ले’ ची होतात नऊ प्रश्नचिन्हे. ‘फातिमा’ ची सहा. आणि ती परत फिरत नाहीत. कारण फाइलमध्ये खरोखरच प्रश्नचिन्हे लिहिलेली असतात. फॉन्ट बदला, संगणक बदला, तज्ज्ञ आणा, काही उपयोग नाही.

हा भेद नीट लक्षात ठेवायला हवा. जुनी फाइल उघडल्यावर टोप्या-टिंबांचा रोमन कचरा दिसला, तर घाबरू नये. तो कचरा म्हणजे मोडी कागद आहे. वाचणारा सापडला की तो बोलेल. प्रश्नचिन्हे म्हणजे जळालेला कागद. दुर्दैवाने साध्या माणसाला उलटे वाटते. कचरा पाहून तो म्हणतो, ही फाइल खराब झाली, काढून टाका. प्रश्नचिन्हे पाहून म्हणतो, फॉन्ट नसेल, नंतर बघू.

कचऱ्यातून मराठी परत मिळवणे म्हणजे रूपांतर. त्यासाठीची साधने आहेत, सी-डॅकची आहेत, फॉन्ट कंपन्यांची आहेत, स्वयंसेवकांनी लिहिलेलीही आहेत. पण हे काम एका घरातले अक्षर उचलून दुसऱ्या घरात ठेवण्याइतके सोपे नाही. ‘फातिमा’ तली वेलांटी त च्या आधीची काढून नंतर ठेवावी लागते. ‘इम्तियाज’ मध्ये ती ‘म्त’ या पूर्ण जोडाक्षराला ओलांडून न्यावी लागते. साधनाने एकच घर ओलांडले तर वेलांटी अर्ध्या म वर लटकते. ‘अर्शद’ मधला रफार श च्या मागून पुढे आणावा लागतो. त्यातच पावती क्रमांक, बँकेचे नाव असे काही इंग्रजीही त्याच रकान्यात असते. बाइट पाहून ते इंग्रजी आहे की मराठीच्या वेषातले इंग्रजी, हे सांगता येत नाही. वर्डच्या फाइलमध्ये फॉन्टाचे नाव तरी मजकुरासोबत लिहिलेले असते. तक्त्यात तेही नसते. कोणता रकाना कोणत्या फॉन्टातला, ही माहिती प्रोग्राममध्ये असते, किंवा तो चालवणाऱ्या कारकुनाच्या डोक्यात. प्रोग्राम नव्या संगणकावर चालत नाही. कारकून निवृत्त होतो. मोडी जाणणारा गेला, तसाच हाही जातो.

म्हणून स्थलांतर म्हणताना दोन कामे वेगळी मोजावीत. एक, प्रोग्राम नव्या कंपायलरवर नेणे. ते प्रोग्रामर करतो, पैसे घेतो, आणि संपले की दिसते. दुसरे, वीस वर्षांच्या जुन्या नोंदी नव्या संकेतात आणणे. ते कंटाळवाणे, नजरेने तपासायचे, आणि झाले नाही तरी चटकन कोणाच्या लक्षात न येणारे. बऱ्याच ठिकाणी पहिले झाले आणि दुसरे ‘जुना डेटा जुन्या मशीनवर आहे’ या वाक्यावर थांबले. ते जुने मशीन आज कोपऱ्यात प्लास्टिकच्या कव्हराखाली आहे. कोकणच्या दमट आणि खारट हवेत त्याची हार्ड डिस्क किती टिकेल, याचा अंदाज समुद्राकाठच्या माणसाला सांगायला नको.

उर्दूत हीच कथा दुसऱ्या नावांनी घडली. मिर्झा अहमद जमील यांच्या नूरी नस्तालीकने १९८१ मध्ये उर्दू वर्तमानपत्राला कातिबाच्या हातातून संगणकात आणले. १९९४ पासून दिल्लीच्या कॉन्सेप्ट सॉफ्टवेअरचे ‘इनपेज’ सगळीकडे पसरले. जुन्या इनपेजची साठवणही तिची स्वतःची, युनिकोड नव्हे. त्यामुळे ज्या जमातीची देणगीदारांची यादी श्री-लिपीत आणि जलशाची पत्रके इनपेजमध्ये आहेत, तिच्याकडे दोन अनाथ आहेत.

याचे महत्त्व आताच का? कारण कागद आणि कागद जुळण्यावर माणसाचे बरेच काही अवलंबून राहू लागले आहे. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांसाठी जन्मदाखला हाच शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा झाला. वक्फ मालमत्तांची माहिती चढवण्यासाठी केंद्र सरकारने ६ जून २०२५ ला ‘उमीद’ पोर्टल सुरू केले आणि त्यासाठी सहा महिन्यांची मुदत घातली. अशा वेळी मुतवल्ली आणि विश्वस्त जुने ठराव, भाडेपावत्या, सभासद-याद्या शोधू लागतात. मूळ सहीचा कागद मिळाला तर प्रश्न नाही. पण अनेकदा सहीची प्रत वाळवीने खाल्लेली आणि टंकलेली प्रत जुन्या डिस्कवर. या प्रसंगी हिंदू-मुसलमान असा भेद करायला नको. देवस्थानच्या विश्वस्तांची, चर्चच्या बाप्तिस्म्याच्या याद्यांची, मच्छीमार सोसायटीच्या भागधारकांची गत तीच. पण ज्याच्याकडे कागद पुन्हा पुन्हा मागितले जातात, त्याला एक मात्रा चुकण्याची किंमत जास्त पडते.

युनिकोडने सगळे सुटले, असेही समजू नये. मराठीत ‘महंमद’, ‘मोहम्मद’, ‘मुहम्मद’, ‘महमद’ अशी चार रूपे एकाच घरातल्या चार दाखल्यांवर सापडतात. युनिकोड ती चारही चोख साठवतो, एक आहेत असे मात्र म्हणत नाही. हिंदीच्या प्रभावाने कोणी ‘ख़ान’ असा नुक्ता देऊन लिहितो. तो ख़ सुद्धा दोन तऱ्हांनी साठवता येतो : एका क्रमांकाने, किंवा ख आणि नुक्ता अशा दोन क्रमांकांनी. डोळ्याला फरक शून्य. प्रोग्रामरने ही रूपे एकसारखी करून घेण्याची पायरी ठेवली नसेल तर शोधात एक ख़ान सापडतो, दुसरा नाही. तरीही युनिकोडने मोठी गोष्ट केली. चूक आता सगळ्यांना दिसेल अशा जागी आली. पूर्वी ती एका फॉन्टाच्या पोटात लपलेली असे. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू होऊ शकला, मोबाइलवर आजी नातवाला मराठीत लिहू शकते, आणि हा लेख तुम्ही कोणताही फॉन्ट न उतरवता वाचत आहात, ते याच कारणाने.

मग करायचे काय? वेंगुर्ले असो की राजापूर, ज्या संस्थेच्या कोपऱ्यात जुना संगणक आहे तिने आधी त्यातली प्रत काढावी, एक नव्हे दोन. नोंदींच्या फाइलींसोबत ते फॉन्ट आणि तो प्रोग्रामही उतरवून ठेवावा, कारण किल्लीशिवाय कुलूप जपण्यात अर्थ नाही. ज्याने ती नोंद टंकली तो माणूस हयात असेल तर त्याच्याकडून कोणता रकाना कोणत्या फॉन्टात, ते साध्या वहीत लिहून घ्यावे. जुना प्रोग्राम चालत असेल तोवर सगळ्या याद्या कागदावर छापून ठेवाव्यात. हा छापील कागदच पुढे रूपांतराची परीक्षा घेईल. रूपांतर नेहमी प्रतीवर करावे, मूळ फाइलीवर कधीच नाही. आणि शेवटी रूपांतर झालेली नावे कोणीतरी मोठ्याने वाचावीत, जमातीतल्या दोन जाणत्यांना शेजारी बसवून. लटकलेली वेलांटी यंत्राला दिसत नाही. ‘आमच्या इम्तियाजचे हे काय केलेत’ असे म्हणणारे माणूसच लागते.

कंपायलर बदलतील. उद्या आणखी नवा येईल आणि आजचा जुना होईल. त्याची चिंता प्रोग्रामरनी करावी. आपल्या हातात आहे ते एवढेच की जुनी नोंद वाचता येणारा माणूस अजून आपल्यात आहे, तोवर त्याला विचारून घ्यावे. मोडीच्या वेळी आपण विचारले नाही.